कोल क्रीडागृहाचा घोष

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथून आठ-नऊ मैलांवर कॉलेज पार्क नांवाचें एक लहानसें गांव आहे. मेरीलंड विद्यापीठाचें मुख्य ठाणें तें हेंच. या विद्यापीठाच्या आवारांत तांबड्या विटांची, कमानदार छपराची एक प्रचंड इमारत उभी आहे. तिचें नांव कोल फील्ड हाऊस. परक्या मनुष्यानें बाहेरून पाहिली तर तो क्षणभर थांबून पुढें जाईल. परंतु ज्यांनीं आपल्या विद्यार्थिदशेंतील हिंवाळ्याच्या रात्री तिच्या बाकांवर घालविल्या, त्यांच्यापुढें नुसतें नांव काढलें कीं त्यांचा चेहरा पालटतो. तेथला गलका, तेथला उष्मा, हजारों मंडळी एकाच क्षणीं उठून उभीं राहिलीं म्हणजे अंगांतून जाणारी ती वीज, या गोष्टी ते वर्षानुवर्षें सांगत असतात. २००२ सालीं या जागेंतील बास्केटबॉलचे सामने बंद झाले. तरीहि ही आठवण मावळलेली नाहीं. एका क्रीडागृहाविषयीं माणसांना एवढा जिव्हाळा कां वाटावा, आणि त्या जिव्हाळ्यांत खरें किती व मनानें रंगविलेलें किती, याचा विचार करावयाचा तर त्या वास्तूचा इतिहासच पाहिला पाहिजे.

प्रथम या खेळाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. क्रिकेट मोकळ्या आकाशाखालीं खेळतात. प्रेक्षक खेळाडूंपासून दूर असतात, आणि गर्जना उठली तरी ती वाऱ्याबरोबर निघून जाते. बास्केटबॉलचा जन्मच मुळीं बंद खोलींतला. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील स्प्रिंगफील्ड येथें, वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणशाळेंत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें बर्फाच्या दिवसांत तरुणांना घरांत खेळतां यावें म्हणून हा खेळ शोधून काढला. व्यायामशाळेच्या सज्जाला, जमिनीपासून दहा फुटांवर, पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. पुढें याच संस्थेनें हा खेळ देशोदेशीं नेला. आपल्याकडेहि तो तिच्याच द्वारें आला. मद्रासेस १९२० सालीं हॅरी क्रो बक यांनीं स्थापिलेल्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यालयानें त्याचा प्रसार केला, आणि मुंबईंत नागपाड्यासारख्या दाट वस्तींत तो चांगलाच रुजला.

या खेळाचें पटांगण अवघें ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. दोन्हीं बाजूंचे मिळून दहा गडी. त्यांच्या अंगावर ना शिरस्त्राण, ना चिलखत. त्यामुळें प्रत्येकाच्या मुद्रेवरचा राग, थकवा, आनंद प्रेक्षकांना स्पष्ट दिसतो. गुण मिनिटामिनिटाला होत असतात, आणि पारडें एका क्षणीं इकडे तर दुसऱ्या क्षणीं तिकडे झुकतें. अशा खेळाला चार भिंती आणि एक छप्पर मिळालें म्हणजे आवाजाला बाहेर जाण्यास वाट उरत नाहीं. तो छपराला आपटून पुन्हां खालीं येतो, खेळाडूला चढ आणतो, आणि खेळाडूची चपळाई पाहून प्रेक्षक पुन्हां दुप्पट ओरडतात. अमेरिकेंतील महाविद्यालयीन क्रीडागृहांची ख्याति होते ती या देवघेवीमुळें.

कोल फील्ड हाऊस २ डिसेंबर १९५५ रोजीं खेळासाठीं उघडलें. पहिलाच सामना शेजारच्या व्हर्जिनिया विद्यापीठाशीं झाला, आणि यजमानांनीं तो ६७ विरुद्ध ५५ गुणांनीं जिंकला. इमारतीस सुमारें तेहतीस लक्ष डॉलर खर्च आला होता. पूर्व किनाऱ्यावर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या खालोखाल एवढें मोठें क्रीडागृह त्या काळीं दुसरें नव्हतें. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष राहिलेले न्यायाधीश विल्यम कोल यांचें नांव त्यास देण्यांत आलें. रचनेचें वैशिष्ट्य असें कीं पटांगण जमिनीच्या पातळीहून बरेंच खालीं खणून घेतलें होतें. बाहेरून आंत येणारा प्रेक्षक बाकांच्या ओळींच्या मध्यावर येऊन उभा राही, आणि सारें दृश्य एकदम त्याच्या पायांखालीं पसरलेलें दिसे. वर कमानदार छप्पर. दृष्टीआड येईल असा खांब मधें एकहि नाहीं. जवळजवळ साडेचौदा हजार माणसें त्यांत मावत.

परंतु ज्या काळांत हें छप्पर उभें राहिलें, तो काळ ध्यानांत घेतल्यावांचून या वास्तूची कथा पुरी होत नाहीं. मेरीलंड हा दक्षिण आणि उत्तर यांच्या सीमेवरचा प्रांत. त्याच्या विद्यापीठाचें कायद्याचें विद्यालय कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस बंद होतें. तें डोनल्ड मरे या तरुणासाठीं १९३५-३६ सालीं न्यायालयाच्या हुकमानें उघडावें लागलें. त्याची बाजू मांडणाऱ्या वकिलांत थर्गुड मार्शल होते. हेच मार्शल पुढें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. कॉलेज पार्क येथें पदवीपूर्व वर्गांत पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी १९५१ सालीं आला. शाळांतील वर्णभेद घटनेविरुद्ध असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकाल १९५४ चा. म्हणजे कोल क्रीडागृहाचे दरवाजे उघडले तेव्हां या निकालास पुरतीं दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. विद्यापीठ ज्या अटलांटिक किनाऱ्याच्या क्रीडासंघांत सामील होतें, त्याच्या कोणत्याहि विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघांत तेव्हां एकहि कृष्णवर्णीय गडी नव्हता. पहिल्या दशकांत तेथें ज्या गर्जना उठल्या त्या साऱ्या गोऱ्या खेळाडूंसाठीं होत्या, ही गोष्ट जुन्या आठवणी सांगतांना सहसा कोणी बोलत नाहीं.

१९६५ साल आलें आणि या चित्रांत फरक पडूं लागला. ३० जानेवारी रोजीं या जागेंत दोन माध्यमिक शाळांचा एक सामना झाला. न्यूयॉर्कची पॉवर मेमोरियल ही शाळा ओळीनें ७१ सामने जिंकून आली होती. तिच्या संघांत सात फुटांहून उंच असा लू अल्सिंडोर नांवाचा मुलगा होता. करीम अब्दुल-जब्बार या नांवानें तो पुढें जगद्विख्यात झाला. त्याच्या विरुद्ध शेजारच्याच गांवची डिमाथा शाळा उभी होती. तिचे शिक्षक मॉर्गन वूटन यांनीं एक युक्ति केली होती. सरावाच्या वेळीं टेनिसची बॅट उंच धरून उभें राहावयाचें आणि तीवरून चेंडू फेकण्याची मुलांना संवय लावावयाची. ४६ विरुद्ध ४३ गुणांनीं डिमाथा जिंकली. शाळकरी मुलांचा खेळ पाहण्यासाठीं बारा हजारांवर माणसें लोटलीं होतीं. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बिली जोन्स हा तरुण मेरीलंडच्या वतीनें पटांगणावर उतरला. साऱ्या अटलांटिक क्रीडासंघांत बास्केटबॉल खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होय.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनीं, १९ मार्च १९६६ रोजीं, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना याच क्रीडागृहांत झाला. एका बाजूस केंटकी विद्यापीठ होतें. पूर्वीं चार वेळां अजिंक्यपद मिळविलेला, देशांत पहिल्या क्रमांकाचा मानलेला हा संघ. अडॉल्फ रप हे त्याचे नामांकित शिक्षक. आणि सारे गडी गोरे. दुसऱ्या बाजूस टेक्ससच्या पश्चिम टोंकाला, मेक्सिकोच्या हद्दीवर वसलेल्या एल पासो गांवचें टेक्सस वेस्टर्न कॉलेज. त्याचें नांव तोंवर फारसें कोणाच्या कानांवर नव्हतें. त्याचे शिक्षक डॉन हॅस्किन्स यांनीं त्या रात्रीं खेळ सुरू करण्यासाठीं जे पांच गडी उतरविले ते पांचहि कृष्णवर्णीय होते. अंतिम सामन्यांत असें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें. कित्येक शिक्षकांचा त्या काळीं एक अलिखित दंडक असे, कीं कृष्णवर्णीय गडी घेतलेच तर एका वेळीं दोघा-तिघांहून अधिक पटांगणावर येऊं द्यावयाचे नाहींत. अशा पांच जणांना खेळाची शिस्त राखतां येणार नाहीं, कठीण प्रसंगीं ते डगमगतील, असें शहाणीं म्हणविणारीं माणसें उघड बोलत.

सामना सुरू झाला आणि पहिल्या कांहीं क्षणांतच डेव्हिड लॅटिन या धिप्पाड गड्यानें उंच उडी घेऊन चेंडू वरून टोपलींत कोंबला. केंटकीजवळ चेंडू खेळविण्याची सफाई होती. ती निष्प्रभ करण्यासाठीं हॅस्किन्स यांनीं उंच शेडच्या जागीं ५ फूट ६ इंच उंचीचा चपळ वर्स्ली प्रथम उतरविला होता. पूर्वार्धाच्या मध्यास बॉबी जो हिल यानें लागोपाठ दोनदां केंटकीच्या गड्यांच्या हातांतून चेंडू हिसकावला आणि एकट्यानें धांवत जाऊन गुण केले. सामन्याची कलाटणी तीच. मध्यंतरास ३४ विरुद्ध ३१ असा थोडासाच फरक होता. पण उत्तरार्धांतहि टेक्ससच्या गड्यांनीं घाई केली नाहीं. प्रतिपक्षाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकींपैकीं ३४ पैकीं २८ त्यांनीं साधल्या. हजारों माणसें ओरडत असतां एकट्यानें उभें राहून शांतपणें चेंडू फेकावयाचा, यापरतें मन:स्थैर्याचें प्रमाण दुसरें कोणतें? अखेर ७२ विरुद्ध ६५ असा निकाल लागला. त्या रात्रीं हॅस्किन्स यांनीं एकूण सातच गडी खेळविले, आणि ते सातहि कृष्णवर्णीय होते.

प्रेक्षक १४,२५३ होते. त्या वेळीं या निकालाचा अर्थ फारच थोड्यांच्या ध्यानांत आला. स्वत: हॅस्किन्स हे आयुष्यभर हेंच सांगत राहिले, कीं त्यांनीं क्रांति करण्यासाठीं कांहीं केलें नाहीं, जे गडी सर्वांत चांगले होते ते उतरविले. परंतु परिणाम झाल्यावांचून राहिला नाहीं. केंटकी ज्या दक्षिणेकडील क्रीडासंघांत होतें, त्यांतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वतीनें १९६७ सालीं पेरी वॉलेस हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला. खुद्द केंटकीच्या संघांत असा गडी १९७० सालीं आला. एका रात्रीच्या निकालानें वर्णद्वेष संपत नसतो, आणि विजयी वीरांनाहि पुढें बरेंच सोसावें लागलें. तथापि कृष्णवर्णीयांची हिंमत मोक्याच्या वेळीं टिकत नाहीं, हें म्हणणें पुन्हां तोंडावर आणण्याची सोय मात्र त्या रात्रीपासून उरली नाहीं.

१९६९ सालीं मेरीलंडच्या संघाची सूत्रें चार्ल्स ड्रीझेल यांच्या हातीं आलीं. डावखुरे म्हणून सारे त्यांना ‘लेफ्टी’ म्हणत. पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचा दरारा त्या काळीं एवढा मोठा होता, कीं १९७० चा अंतिम सामनाहि तिनें याच कोल क्रीडागृहांत जॅक्सनव्हिलविरुद्ध ८० विरुद्ध ६९ गुणांनीं जिंकला. आपल्या संघाला पूर्वेकडे तीच योग्यता आणून देण्याची प्रतिज्ञा ड्रीझेल यांनीं केली होती. लोकांना उत्साहित कसें करावें हें त्यांना उपजतच ठाऊक होतें. राष्ट्राध्यक्षांच्या आगमनाच्या वेळीं वाजणारें वाद्यसंगीत हे दारांतून आंत येतांना वाजे, आणि हे दोन बोटें उंचावून प्रेक्षकांना विजयाची खूण करीत. नियमाप्रमाणें ज्या दिवसापासून सराव करण्यास मोकळीक मिळे, त्या दिवसाची मध्यरात्र उलटतांच, १५ ऑक्टोबर १९७१ रोजीं, त्यांनीं आपल्या गड्यांना मैदानाभोंवतीं पळविलें. अमेरिकेंतील अनेक महाविद्यालयांत पुढें मध्यरात्रीच्या सरावाचा जो उत्सव रूढ झाला, त्याचें मूळ तेथें आहे.

या काळांत कोल क्रीडागृहाचा घोष शिगेला पोंचला. मात्र घोषानें नेहमीं जयच मिळतो असें नाहीं. जानेवारी १९७३ मध्यें एका रविवारीं नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या संघाशीं झालेला सामना साऱ्या देशानें दूरचित्रवाणीवर पाहिला. अगदीं शेवटच्या क्षणीं डेव्हिड थॉम्पसन यानें टोपलीवरून निसटलेला चेंडू पुन्हां आंत टाकला आणि ८७ विरुद्ध ८५ गुणांनीं मेरीलंड हरलें. हजारों कंठ एका क्षणांत कसे मिटतात, हा अनुभवहि तेथल्या स्मृतींचा एक भाग आहे.

या छपराखालीं नुसता बास्केटबॉलच झाला असें नव्हे. एप्रिल १९७२ मध्यें चीनचा टेबल टेनिसचा संघ अमेरिकेंत आला असतां त्याचे खेळ येथेंहि झाले. दोन्ही राष्ट्रांत वीस-बावीस वर्षें साधें बोलणेंहि बंद होतें. तें या लहानशा चेंडूच्या निमित्तानें पुन्हां सुरू होत होतें. २६ जानेवारी १९७५ रोजीं पेनसिल्व्हेनियांतील इमॅक्युलाटा या स्त्रियांच्या महाविद्यालयाचा संघ येथें खेळण्यास आला. त्यानें मेरीलंडच्या मुलींचा ८० विरुद्ध ४८ गुणांनीं पराभव केला. स्त्रियांच्या बास्केटबॉलचा साऱ्या देशांत दूरचित्रवाणीवरून दाखविलेला हा पहिला सामना. प्रथम ज्यांना या पटांगणावर जागा नव्हती त्यांनीं ती एकेक करून मिळविली.

आणि एकदां हें क्रीडागृह भरलें तें जयघोषासाठीं नव्हे. लेन बायस हा मेरीलंडचा अत्यंत तेजस्वी गडी. १९८६ च्या जून महिन्यांत बॉस्टनच्या सुप्रसिद्ध व्यावसायिक संघानें त्याची निवड केली. त्यानंतर दोनच दिवसांनीं, १९ जून रोजीं, कोकेनच्या सेवनानें त्याचा अंत झाला. त्याचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. त्याच्या शोकसभेस कोल क्रीडागृहांत सुमारें ११,००० माणसें जमलीं. ज्या बाकांवर उभें राहून चार महिन्यांपूर्वीं त्याच्या नांवाचा जयजयकार झाला होता, त्याच बाकांवर तीं मान खालीं घालून बसलीं. त्या वर्षाच्या अखेरीपूर्वींच ड्रीझेल यांना आपली जागा सोडावी लागली. संघावर पडलेली ही छाया निघावयास पुष्कळ वर्षें जावीं लागलीं.

ती दूर करण्याचें काम गॅरी विल्यम्स यांनीं केलें. विद्यार्थी असतां ते याच पटांगणावर खेळले होते, आणि १९८९ सालीं शिक्षक म्हणून परत आले. त्यांच्या कारकीर्दींत ड्यूक विद्यापीठाशीं असलेली चुरस पराकोटीस गेली. पाहुण्या संघाच्या गड्यांचीं नांवें पुकारलीं जात असतां विद्यार्थी वर्तमानपत्रें उघडून, जणूं कांहीं त्यांच्याकडे लक्षच नाहीं अशा आविर्भावानें, वाचीत बसत. २७ जानेवारी २००१ रोजीं सामना संपण्यास एक मिनिटहि उरलें नव्हतें आणि मेरीलंड दहा गुणांनीं पुढें होतें. प्रेक्षक विजयाच्या गर्जना करूं लागले होते. तोंच ड्यूकनें ५४ सेकंदांत ती सारी आघाडी पुसून टाकली आणि जादा वेळांत ९८ विरुद्ध ९६ गुणांनीं सामना जिंकला. त्याची भरपाई पुढल्या वर्षीं झाली. १७ फेब्रुवारी २००२ रोजीं देशांत पहिल्या क्रमांकावर असलेल्या ड्यूकला मेरीलंडनें ८७ विरुद्ध ७३ गुणांनीं नमविलें.

तोंवर या जागेचा निरोप घेण्याचें ठरून गेलें होतें. जवळच नवें, अधिक आसनांचें, अधिक सुखसोयींचें क्रीडागृह बांधून होत आलें होतें. ३ मार्च २००२ रोजीं कोलमधील शेवटचा सामना झाला. प्रतिपक्षी पहिल्या दिवशींचाच, व्हर्जिनिया. मेरीलंडनें ११२ विरुद्ध ९२ गुणांनीं जय मिळविला. चारच आठवड्यांनीं, १ एप्रिल रोजीं, अटलांटा येथें इंडियानाचा ६४ विरुद्ध ५२ असा पराभव करून मेरीलंडनें आपलें पहिलें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. ज्या घरानें सेहेचाळीस वर्षें वाट पाहिली, त्याला हें यश घर सुटतां सुटतां लाभलें. पुढें २०१४ सालीं विद्यापीठानें अटलांटिक क्रीडासंघहि सोडला, आणि ड्यूक, व्हर्जिनिया यांच्याशीं दरवर्षीं होणाऱ्या झुंजींचा जुना क्रमहि तुटला.

नव्या क्रीडागृहांत सारें कांहीं आहे. आसनें रुंद आहेत, सोयी उत्तम आहेत. तरी जुने लोक कोलसाठीं हळहळतात, तें कां? याचें एक कारण उघड आहे. आपलें तारुण्य जेथें गेलें ती जागा कोणालाहि प्रियच वाटते. पण कारण तेवढेंच नाहीं. जुन्या बाकांवर माणसें खेटून बसत. शेजारी कोण आहे, गरीब कीं श्रीमंत, हें खेळ रंगला म्हणजे कोणाच्या ध्यानांत राहत नसे. अनोळखी मनुष्याच्या गळ्यांत हात पडे. दाटीमुळें अडचण होई, आणि त्या अडचणींतूनच ती वीज उत्पन्न होई. जागा ऐसपैस झाली कीं माणसें एकमेकांपासून दूर बसतात, आणि घोष उठला तरी तो पहिल्यासारखा एकजीव होत नाहीं.

असें असलें तरी या आठवणींना सारा भूतकाळ गोड करूं देणें बरें नव्हे. ज्या बाकांवरील सलगीचें एवढें कौतुक होतें, त्या बाकांसमोर प्रथम दहा वर्षें विद्यापीठाच्या संघांत एकाहि कृष्णवर्णीय तरुणास जागा नव्हती. ही उणीव लपवून कोल क्रीडागृहाची थोरवी गाणें म्हणजे त्याचा मोठेपणा कमी करणें होय. त्याची खरी थोरवी ही कीं जुना अन्याय मोडण्याचा प्रसंगहि त्याच छपराखालीं आला, आणि तो चौदा हजार लोकांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिला. बिली जोन्स आणि टेक्ससचे ते सात गडी यांना वगळून सांगितलेली आठवण अर्धीच राहते.

सुदैवानें विद्यापीठानें ही गोष्ट विसरावयाची नाहीं असें ठरविलें. इमारत पाडली गेली नाहीं. तिच्या आंतील बाकें काढून तेथें फुटबॉलच्या सरावाचें बंद मैदान करण्यांत आलें, आणि तें २०१७ सालीं वापरांत आलें. २०२१ सालीं या भागास दोघा माजी विद्यार्थ्यांचीं नांवें जोडण्यांत आलीं. एक बास्केटबॉलचा बिली जोन्स, आणि दुसरा डॅरिल हिल. १९६३ सालीं मेरीलंडकडून फुटबॉल खेळून त्या क्रीडासंघांतील वर्णभेदाची भिंत प्रथम ओलांडणारा तो हाच. ज्या दारांतून पूर्वीं त्यांच्यासारख्यांना खेळाडू म्हणून आंत येतां येत नव्हतें, त्या दाराच्या आंत आतां त्यांचीं नांवें आहेत. बाकें गेलीं, लांकडी पटांगण गेलें, आणि खालीं हिरवें मैदान पसरलें आहे. वरचें कमानदार छप्पर मात्र तेंच आहे. १९६६ च्या मार्च महिन्यांतील त्या रात्रींचा घोष प्रथम त्याच छपरावर आदळला होता.